मेटल डिटेक्टर घ्यायचाय? मग किल्ल्यावर नको, वाळूत या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ झाली, पाऊस ओसरत आला आणि दरवर्षीसारखी आमच्या म्हापशातल्या दुकानात पोरं येऊन विचारायला लागलीत, काका, मेटल डिटेक्टर घ्यायचाय, स्वस्तातला कुठला घेऊ, सोनं किती फुटांवर दिसतं, आणि मग जरा आवाज बारीक करून, अमुक किल्ल्याच्या पायथ्याशी गेलो तर काय मिळेल? माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा, पंप-मिक्सर-पंखे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलंय, आणि डिटेक्टर म्हणजे शेवटी तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांचीच करामत, त्यामुळे मला या मशीनचं वेड आहे. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा तुमच्या पेपरातून सगळ्यांनाच सांगावं म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय खरं, पण जागा कमी पडली तर मशीनचं कापा, कायद्याचं कापू नका ही विनंती.

आधी पैशांचं. लाखाच्या वरची मशीनं आहेत बाजारात, पण या छंदाची सुरुवात करायला त्यांची काहीएक गरज नाही. पाच-आठ हजारांत ऑनलाइन जी चिनी मशीनं मिळतात, एमडी-४०३० वगैरे नावाची, ती कोरड्या वाळूत नाण्याएवढी वस्तू चार-पाच इंचांवर बऱ्यापैकी पकडतात आणि किनाऱ्यावर ताज्या हरवलेल्या वस्तू साधारण तेवढ्याच खोलीत असतात. अजून थोडे पैसे घालायची तयारी असेल तर माझं मत असं की नवं चिनी घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचं जुनं घ्या, गॅरेटचं एस २५० सारखं साधं मशीन कोणी हौसेनं घेऊन माळ्यावर टाकलेलं असतं, कॉइलची (खालच्या गोल थाळीची) केबल तुटलेली नाही ना आणि बॅटरीचा डबा गंजलेला नाही ना एवढं बघायचं, एक नाणं आणि एक खिळा खिशात घेऊन जायचं आणि त्याच्यासमोरच टेस्ट करायची. आणि जाहिरातीत दहा फूट, वीस फूट लिहिलेलं असतं ते वाचून पैसे काढू नका, अंगठीएवढी वस्तू दहा फुटांवर दाखवेल असं हातात धरायचं मशीन या घडीला कुठलीही कंपनी बनवत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ते ‘लाँग रेंज’ वाले. दोन कांड्या किंवा अँटेना लावलेली डबी, म्हणे शंभर मीटरवरचं सोनं ओळखते, आणि किंमत बघाल तर चांगल्या डिटेक्टरच्या कितीतरी पट. अशाच एका डबीचं उदाहरण जगाला माहीत आहे, एडीई ६५१ नावाची ती बॉम्ब शोधायची डबी म्हणून इराकला विकली, आत काहीच नव्हतं, मूळ माल म्हणजे गोल्फचे बॉल शोधायचं गमतीचं खेळणं, आणि ती विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश माणसाला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या डबीवर भरवसा ठेवून चेकपोस्टवर उभी राहिलेली माणसं मेली हो. तेव्हा कांडी वळली म्हणून जमिनीत धन आहे असं सांगणारा कोणीही, मग तो दुकानदार असो की भगत, त्याला एक पैसा देऊ नका.

आता मशीन चालतं कसं ते थोडं समजून घ्या, कारण हे कळलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. कॉइलच्या त्या गोल थाळीत दोन गुंडाळ्या असतात. एकीतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट जातो, साधारण पाच ते वीस किलोहर्ट्झ, त्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात धातू आला की त्या धातूत छोटे करंट फिरायला लागतात आणि ते आपलं स्वतःचं क्षेत्र तयार करतात, ते दुसऱ्या गुंडाळीला जाणवतं. बस एवढंच. धातू कसा आहे त्यावरून परत येणारा सिग्नल कमीजास्त मागे पडतो आणि त्या मागे पडण्यावरून मशीन अंदाज बांधतं की हे लोखंड, हे अॅल्युमिनियम, हे तांबं-चांदी. अंदाज म्हणतोय मी, खात्री नाही. टेलिफोनवाला बेल आहे ना, त्याने १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला याच तत्त्वावरचं यंत्र लावलं होतं आणि गोळी काही सापडली नाही, पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ घातला असं सांगतात. लोखंड शेजारी असलं की मशीन गडबडतं, ही अडचण एवढी जुनी आहे.

आणि आपला गोवा तर लोखंडावरच बसलाय. आपली तांबडी माती, आपला चिरा म्हणजे जांभा दगड, तो तांबडा दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, त्यामुळे परदेशातल्या शेतात आठ इंचांवर नाणं काढताना व्हिडिओत जे मशीन दिसतं तेच मशीन डिचोली-सांग्याच्या मातीवर नेलं की नुसतं कुरकुरत बसतं आणि खोली निम्म्यावर येते. स्वस्त मशीनला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोखंडाचा गोंगाट गाळायची सोय, बहुतेक फॅक्टरीतच सेट केलेला असतो, आपल्याला बदलता येत नाही. तेव्हा चिऱ्याच्या जमिनीवर स्वस्त मशीन घेऊन फिरण्यात अर्थ नाही, कायद्याची गोष्ट तर त्यानंतरची.

म्हणून वाळू. पण वाळूतही फरक आहे. वरची कोरडी वाळू, जिथे लोक टॉवेल टाकून बसतात, चेंडू खेळतात, भेळ खातात, ती नवशिक्यासाठी सगळ्यात उत्तम, मशीन शांत राहतं आणि हाताने खणता येतं. खाली सुकतीला (ओहोटीला) उघडी पडणारी ओली वाळू म्हणजे मिठाचं पाणी, मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन त्या पाण्यालाच धातू समजून ओरडतं. सेन्सिटिव्हिटी कमी करा, थोडं थांबतं, पण खोली जाते. कुठेकुठे काळी वाळू असते तिथे तर आणखी हाल. ओल्या वाळूतच काम करायचं असेल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन लागतं, मायनलॅब कंपनीचं व्हँक्विश हे त्यातल्या त्यात खालच्या किमतीतलं, किंवा पल्स इंडक्शन प्रकारचं (सलग करंटऐवजी झटके देणारं), पण हे दुसरं लोखंड आणि सोनं यात फारसा फरक करत नाही. हे सगळं दुसऱ्या टप्प्याचं, पहिल्या वर्षी कोरडी वाळू सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळ कुठली धरावी तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी तशी सुकतीही लांबवर जाते, बराच किनारा उघडा पडतो. आणि पावसाळ्यात लाटा किनारा कापून वाळू आत ओढून नेतात, मग ऑक्टोबरनंतर हळूहळू वाळू परत भरते, त्यामुळे पावसाळा संपता संपता, आताचे दिवस, जुन्या थरातल्या वस्तू वरच्या जवळ आलेल्या असतात. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळूचा कण अडीच पटीच्या थोडा वर, म्हणून लाटांच्या हालचालीत अंगठी खाली खाली जात घट्ट थरावर जाऊन बसते आणि वाळू कापली गेली की तिथेच सापडते. आणि अंगठ्या हरवतात कशा, तर गार पाण्यात बोटं आकसतात, वर तेल नाहीतर सनस्क्रीन चोपडलेलं, लाट आली की गेली. विसर्जनाच्या गर्दीतही जातात. पण पाण्यात उतरून शोधायचं नाही, विशेषतः आता समुद्र अजून पुरता शांत झालेला नसताना, जीवरक्षक लाल बावटा लावतात तो उगाच नाही.

आता जो मुद्दा मला सगळ्यात जास्त सांगायचाय तो. व्हिडिओत सगळे सांगतात, डिस्क्रिमिनेशन लावा, लोखंड बंद करा, फॉइल बंद करा, म्हणजे कचरा खणायला नको. आपल्याकडे हे केलंत तर फसलात. आपली १९९२ नंतरची रुपयाची नाणी स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटणारी, नंतर दोन रुपयांचंही तसंच झालं, म्हणजे लोखंड बंद केलं की ही नाणी मशीनला एकतर दिसतच नाहीत किंवा तुटक आवाज येतो आणि आपण कचरा समजून पुढे जातो. उलट बिअरच्या बाटलीचं बूच पोलादाचं असूनही चपटं गोल असल्यामुळे अनेकदा अगदी चांगल्या नाण्यासारखा आवाज देतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बारीक सोन्याची अंगठी, कानातलं, हे मशीनच्या पट्टीवर नेमकं तिथेच येतं जिथे चॉकलेटची चांदी आणि कॅन उघडायची ओढायची किल्ली येते. फॉइल बंद केलं की सोनंही बंद. म्हणून किनाऱ्यावर सुरुवातीला सगळं उघडं ठेवा आणि सगळं खणा. हो, कंटाळा येतो, दहा बुचं निघतात, खिळे निघतात, शॅक उतरवल्या त्या जागी तर खिळ्यांचा खच असतो, रापणीच्या जाळ्याची शिशाची वजनं निघतात, पण कान तयार होतो तो असाच. आणि ती बुचं-खिळे-गळ परत वाळूत टाकायचे नाहीत, पिशवीत घालून न्यायचे. अनवाणी चालणाऱ्या पोरांच्या पायात जाणारा एक गंजका खिळा कमी झाला तर मला अंगठी मिळाल्याइतकाच आनंद होतो, हे मनापासून सांगतो.

मशीनशिवायच्या सामानावर जास्त खर्च नको. जाळीचं स्टीलचं स्कूप ऑनलाइन महाग पडतं, त्यापेक्षा भोकं असलेली प्लास्टिकची मजबूत टोपली आणि बागकामाचं खुरपं घ्या, बाजारात दोनशे-तीनशेत काम होतं, पुढे ओळखीच्या वेल्डरकडून भोकाच्या पत्र्याचं स्कूप करून घेता येतं. हातमोजे मात्र घ्याच, वाळूत काच असते आणि सुयाही असतात. साधा वायरवाला हेडफोन लावा, बारीक आवाज कळतात, बॅटरी कमी जाते आणि शेजारी शांत बसलेल्या माणसाला त्रास होत नाही. पिनपॉइंटर म्हणून जे छोटं दांडकं मिळतं ते सोयीचं आहे पण पहिल्या दिवसापासून लागतंच असं नाही, वाळू मुठीत घेऊन कॉइलवरून फिरवली तरी कुठल्या मुठीत वस्तू आहे ते कळतं, फक्त हातात अंगठी-घड्याळ नको. कंट्रोल बॉक्सला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि घरी आलं की कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने पुसा, खारं वारं काय करतं ते मी दुकानात रोज बघतो.

किनाऱ्यावर जायच्या आधी घरच्या अंगणात, म्हणजे अगदी स्वतःच्या, थोडी वाळू आणून ढीग करा आणि त्यात रुपयाचं नाणं, दहाचं नाणं, बिअरचं बूच, फॉइलचा बोळा, एखादी जुनी अंगठी वेगवेगळ्या खोलीवर पुरून आवाज ऐका. कॉइल जमिनीला समांतर, जवळजवळ टेकलेली, सावकाश, आणि प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचा थोडा भाग परत यायला हवा, आपल्याकडे सारवताना हात जसा फिरतो तसा. घाईत हवेत झुलवत चालणाऱ्याला काही मिळत नाही. या मशीनांना कॉइल हलती लागते, एका जागी धरून ठेवली की आवाज विरतो, हेही लक्षात ठेवा.

आता कायदा. पोरांना वाटतं सापडलं ते माझं. तसं नाही. कोणाची तरी हरवलेली अंगठी सापडली तर ती त्याचीच राहते, १८७२च्या करार कायद्याच्या ७१व्या कलमानुसार सापडवणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी येते, आणि मालक शोधायचा प्रयत्न न करता गपचूप खिशात घातली तर भारतीय न्याय संहितेच्या ३१४व्या कलमाखाली गुन्हा होऊ शकतो. जवळच्या पोलीस स्टेशनात द्या, पोच घ्या. आणि जमिनीत दडलेलं काही मौल्यवान निघालं तर १८७८चा निखात निधी कायदा लागतो, त्यात मर्यादा आजही दहा रुपये आहे, दहा रुपयांच्या वर किंमत असेल तर काय सापडलं, कुठे, कधी, हे कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवता दडवलं तर आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलं आणि शंभर वर्षांहून जुनं, कोणी वारस नाही असं ठरलं तर वेगळा काही करार नसेल तेव्हा पाऊण वाटा सापडवणाऱ्याचा आणि पाव वाटा जागेच्या मालकाचा असं त्याच कायद्यात लिहिलंय, सरकारला ते ठेवायचं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन घेतं. म्हणजे सरळ मार्गाने गेलात तर तुमचं नुकसान कायदा करत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी-मूर्ती १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती देशाबाहेर पाठवायची किंवा ऑनलाइन परदेशी माणसाला विकायची नाहीत. भाटात, कुळागरात, म्हणजे खासगी बागायतीत, जायचं तर भाटकाराची (जमीनमालकाची) परवानगी आधी, कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या संस्थेची, जमीन म्हणजे मोकळं रान नव्हे. आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, नोव्हेंबरपासून पुढचे महिने त्या वाळूत खुरपं घालायचं नाही, मशीन कितीही ओरडलं तरी.

आता किल्ल्यांचं. आग्वाद केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, शापोरा, रेइश मागूश, तेरेखोल, हळर्ण, कोरजुवे, काब द राम राज्याकडे, १९५८चा केंद्राचा कायदा आणि गोव्याचा स्वतःचा १९७८चा कायदा, दोन्हींप्रमाणे संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. पण मला नुसती भीती घालायची नाही. का खणू नये ते पोरांना कळायला हवं. चांदर घ्या, भोज राजांची चंद्रपूर राजधानी म्हणून आपण जिला ओळखतो, तिथे इतिहास संशोधक फादर हेरास यांनी १९२९ साली उत्खनन केलं. गोवा वेल्ह्याला कदंब राजांचं गोपकपट्टण. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह असतो आणि सप्तकोटीश्वराच्या कृपेचा उल्लेख असतो, तोच नार्व्याचा सप्तकोटीश्वर ज्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभं केलं. असं एक नाणं जमिनीत ज्या थरात, ज्या खापरांच्या, ज्या कोळशाच्या शेजारी पडलंय तिथे ते राहिलं तर त्या थराचं वय सांगतं, बाजार होता की घर होतं की बंदर होतं ते सांगतं. खुरप्याने उचकटून घरी आणलं की उरतो तो सोन्याचा तुकडा.

जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. जॉर्जियाची राणी केतेवान, १६२४ मध्ये इराणमधल्या शिराझला मारली गेली, तिचे अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यात आणले, कुठल्या खिडकीजवळ दगडी पेटीत ठेवले ते पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं. पुरातत्त्व खात्याने त्या वर्णनावरून जागा हुडकत खणलं, हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला, २०१३ मध्ये शिक्कामोर्तब झालं आणि २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाला दिले. कोणी हौशी माणसाने तिथे आधीच काही शोधायला खड्डे मारून दगड हलवले असते तर कागदातली खिडकी आणि जमिनीवरची खिडकी कधीच जुळली नसती.

इंग्लंडमध्ये हाच छंद हजारो लोक करतात आणि तिथे १९९७ पासून सरकारी पैशावर एक योजना चालते, हौशी माणसाने सापडलेली वस्तू नेऊन दाखवायची, अधिकारी फोटो काढतो, जागा नोंदवतो आणि खजिन्यात मोडत नसेल तर वस्तू परत देतो. दहा लाखांवर नोंदी झाल्यात अशा. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात डिटेक्टरवाल्याला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा सापडला, त्याने कळवलं, तज्ज्ञांनी नीट खणलं, तेहतीस लाख पौंडांच्या आसपास मोबदला त्याने आणि शेतकऱ्याने वाटून घेतला आणि सोनं म्युझियममध्ये सगळ्यांना बघायला आहे. त्यांचा कायदा वेगळा, जमीन वेगळी, ते जसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणत नाही.

पण दोन साध्या गोष्टी इथे नक्की होऊ शकतात आणि तुमच्या पेपराने त्या लावून धराव्यात. एक, राज्याच्या पुरातत्त्व खात्याने एक फोन नंबर आणि एक व्हॉट्सअॅप नंबर जाहीर करावा, मराठी-कोंकणीतून, भाटात नांगरताना, घराचा पाया खणताना, किनाऱ्यावर, कुठेही जुनं नाणं, तोफेचा गोळा, मूर्ती मिळाली की फोटो आणि जागा पाठवायची आणि खात्याचा माणूस येऊन बघेल, आणि पाठवणाऱ्याला आधी गुन्हेगार धरायचं नाही. आज लोक घाबरून वस्तू लपवतात नाहीतर भंगारात देतात हे मी दुकानात बसून ऐकतो. दोन, मोठ्या किनाऱ्यांवर, मिरामार, कळंगुट, बागा, कोलवा, जीवरक्षकांच्या टॉवरपाशी हरवले-सापडले नोंदवायची एक वही ठेवावी, अंगठी हरवली तर तिथे लिहायचं, सापडली तर तिथे कळवून पोलिसांत जमा करायची. मी आणि माझ्यासारखे हा छंद करणारे जे कोणी आहेत ते रविवारी सकाळी हे काम फुकट करायला तयार आहोत, वही ठेवायची परवानगी तेवढी हवी आहे.

आपला नियमित वाचक,
म्हापसा